कासुर्डीच्या बांधावरची लिटकुरी

मला चार हिवाळे नीट ऐकू येत नव्हतं आणि मी ते कुणालाही सांगितलं नाही. इथूनच सुरुवात करतो. दुसरीकडून करून पाहिली, दोन-तीनदा. दरवेळी दुसऱ्या पानापर्यंत मी स्वतःची बाजू मांडायला लागायचो आणि वही मिटून ठेवायचो.

ऐकू येत नव्हतं म्हणजे माणसांचं बोलणं येत होतं. शेवटच्या बाकावरून माझी नक्कल व्हायची, तीसुद्धा यायची. गेले होते ते बारीक, टोकदार आवाज. आधी रातकिडे गेले. मग बारीक आवाजाचे पक्षी: शिंजीर, झुडपातले वटवटे. हे एका दिवसात होत नाही, त्यामुळे कळतही नाही. रातकिडे कमी झालेत, फवारण्या फार वाढल्यात, असं मी वर्षभर भेटेल त्याला सांगत होतो. यवतला एका शाळेच्या कार्यक्रमात तर त्यावर अर्धा तास बोललो. टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी घरी आलो तर बायको म्हणाली, "केवढे किरकिरतायत बाहेर, दार लावा हो." मी उठून दार लावलं. बाहेर मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तेव्हा कळलं. कळलं आणि गप्प बसलो.

मी शिरूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. पंचवीसेक वर्षं पक्षी बघतोय. शिरूर-दौंड भागातल्या पक्षी बघणाऱ्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यात डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, बँकेतले, कंपन्यांमधले लोक आहेत. कुणाला शंका आली की ती शेवटी माझ्याकडे यायची. "सर, बघा बरं हे." सर बघायचे, सांगायचे, विषय संपायचा. एवढीशी गोष्ट, पण तालुक्याच्या गावात राहणाऱ्या, दरवर्षी तोच बेडूक शिकवणाऱ्या माणसाला तेवढीच असते.

हिवाळ्यातली पक्षीगणना मीच सुरू केली होती आणि तिचा नियमही माझाच. ठरलेल्या वाटेने दोघांनी चालायचं. पक्षी डोळ्यांनी दिसला तर एकाने पाहिलेला पुरे. पण नुसत्या आवाजावरून नोंद करायची असेल, तर तो दोघांनीही ऐकलेला असला पाहिजे. एकाने विचारायचं, "ऐकलं?" दुसऱ्याने म्हणायचं, "ऐकलं." मगच वहीत लिहायचं. नियम चांगला होता. आजही मला त्यात खोट दिसत नाही.

माझे जोडीदार होते कासुर्डीचे आप्पा. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटली. घरची फुलशेती: शेवंती, अ‍ॅस्टर, पाटाच्या कडेने थोडा झेंडू. आमची ओळख यवतच्या एका चहाच्या हॉटेलात झाली. फुलांची पोती गाडीत चढवून ते चहाला आले होते. माझ्याकडे जरा वेळ बघून म्हणाले, "साहेब, गळ्यात दुर्बीण हाय. काय हरवलंय का?"

"पक्षी बघतो मी."

"हाटेलात?"

मग स्वतःच हसले आणि म्हणाले, आमच्या बांधावरच्या आंब्यात थंडीत एक पाखरू येतं, मुठीएवढंसुद्धा नाही, सारखं शेपूट वर करतं, गळ्याला कुंकू सांडल्यासारखं असतं, ते काय? मी म्हणालो, लाल छातीची लिटकुरी. म्हणाले, "चला दावतो." त्या दिवसापासून आम्ही सोबत हिंडलो.

आप्पा झाडाकडे बघत नसत. वाफ्यात वाकून फुलं तोडता तोडता सांगायचे, बुलबुल, सुभग, आता वेडा राघू गेला डोक्यावरून. मी विचारलं होतं, एवढं कसं कळतं? म्हणाले, "फुलं तोडताना मान खालीच असती, सर. डोळं फुलात. मग कानच तेवढं मोकळं ऱ्हात्यात."

आता त्या दोन लिटकुऱ्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. त्या सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. दोघीही चिमणीपेक्षा लहान, वरून मातकट, खालून फिक्या, शेपटी काळी आणि तिच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरा पट्टा. दोघी फांदीवरून खाली झेपावून माशी पकडतात आणि परत येऊन शेपूट उचलतात. आपल्याकडे थंडीत येते ती लाल छातीची. दुसरी तैगा लिटकुरी. ती बंगाल-आसामच्या अंगाला उतरते, आपल्या भागात क्वचितच, आणि तीही कुणी खात्रीने ओळखली तर. लाल छातीच्या नराचा लाल रंग गळ्यावरून छातीवर ओघळतो आणि थंडीतही टिकतो. तैगाचा नर थंडीत पांढऱ्या गळ्याचा होतो, त्यामुळे रंगावर जावं तर फसगत. लाल छातीच्या माद्या आणि पहिल्या वर्षाचे नरही बिनरंगाचेच असतात. फरक बघायचा तो चोचीत आणि शेपटीच्या वर. लाल छातीच्या चोचीचा खालचा भाग बुडाशी पिवळट असतो, तैगाची चोच पूर्ण काळी. तैगाच्या शेपटीला वरून झाकणारी बारीक पिसं शेपटीपेक्षाही काळीकुळकुळीत असतात. हे दिसायला पक्षी दहा पावलांवर आणि तुमच्या नशिबात असावा लागतो.

आणि आवाज. दोघी टर्र करतात. पण लाल छातीची सावकाश करते, टर्रमधला एकेक ठोका वेगळा काढता येतो. तैगाचे ठोके इतके भराभर पडतात की ते एकमेकांत मिसळून किड्याच्या किरकिरीसारखे होतात. मी एकदा आप्पांना मोबाइलवर दोन्ही आवाज ऐकवले. त्यांनी एकदाच ऐकले आणि म्हणाले, "पहिला कंगवा. कंगव्याच्या दातांवरनं नख फिरवल्यावानी. दुसरी चेन. जाकिटाची चेन ओढल्यावानी." त्यानंतर आमच्यात तेच शब्द राहिले. कंगवा आणि चेन. चेन कधी ऐकायला मिळेल असं दोघांनाही वाटत नव्हतं.

मला तर कंगवाही ऐकू येईनासा झाला होता. फार जवळ असला तर काहीतरी खरखरल्यासारखं व्हायचं, वाळलं पान जमिनीवरून सरकावं तसं. त्याचे ठोके कळत नव्हते. मग मी गणनेत काय करायचो? आप्पांकडे बघायचो. आवाज आला की आप्पा थबकायचे आणि मान त्या बाजूला वळवायचे. मीही त्या बाजूला बघायचो. ते विचारायचे, "ऐकलं?" मी म्हणायचो, "ऐकलं." आणि वहीत लिहायचो. अक्षर माझं चांगलं आहे. चार हिवाळे मी त्यांच्या कानांनी ऐकलं आणि माझ्या नावाने लिहिलं, कारण गणनाप्रमुख मी होतो.

आप्पांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या वाफ्यांमध्ये एक बांध होता. बांधाला लागून पाट, आणि त्याच्या दोन्ही कडांना आंब्याची दोन जुनी झाडं. भावाला ती नको होती. सावलीत शेवंती धरत नाही, कळी बारीक राहते, असं त्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. शिवाय त्याला तिथे शेडनेट उभं करायचं होतं. आप्पा दरसाल टाळत होते. शेवटी भाऊ म्हणाला, "दादा, तुझी पाखरं तुला लाडकी, मला मान्य. पन सगळ्या शिवारात येत्यात ती पाखरं. इथंच काय ठेवलंय? कालेजचं सर येऊन म्हनू दे, इथं खास काय हाय, दुसरीकडं न्हाई. मग मी कुऱ्हाड लावनार न्हाई." आप्पांनी हे मला जसंच्या तसं सांगितलं होतं. मला ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण नंतर मी बरेच दिवस स्वतःला असं सांगत होतो की एवढं काही अवलंबून असेल याची मला कल्पना नव्हती.

संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. गणनेचा रविवार. पाटाला पाणी सोडलेलं, वाफ्यांवर धुकं. भाऊ आणि त्याची बायको शेवंती तोडत होते. आम्हाला बघून भाऊ ओरडला, "आलं का इन्स्पेक्टर! झाडांला जामीन मिळतोय का न्हाई आज?"

"तू फुलं तोड," आप्पा म्हणाले.

आम्ही बांधावर चढलो आणि आप्पा थांबले. हात वर केला.

"सर. चेन."

मला पान सरकल्यासारखं काहीतरी वाटलं. तेही वाटलं की मी वाटून घेतलं, सांगता येत नाही.

"चेन हाय ही, कंगवा न्हाई. परत केली. आता… ऐकलं?"

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. माणूस एवढा खूश असताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. आणि माझ्या डोक्यात काय चाललं होतं? मी हो म्हणालो, तर पुढच्या रविवारी अख्खा ग्रुप इथे येणार. रेकॉर्डिंगची यंत्रं घेऊन येणार. मला मध्ये उभं करून विचारणार, सर, ती बघा बोलली, हीच ना? आणि मला कळणार नाही. सगळ्यांच्या देखत कळणार नाही. मी शेवंती बघितली नाही, झाडं बघितली नाहीत, आप्पांनाही बघितलं नाही.

"कंगवाच आहे, आप्पा," मी म्हणालो.

"न्हाई, सर."

"पंचवीस वर्षं ऐकतोय मी."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. खालून भावाने विचारलं, "काय म्हंत्यात सर? खास हाय का?"

"नेहमीचंच आहे," मी मोठ्याने सांगितलं.

"झालं! नेहमीचं पाखरू नेहमीच्या झाडावर. दादा, कुऱ्हाडीला धार लावू का मग?" त्याची बायको पदर तोंडाला लावून हसली. वहीत मी लिहिलं: लाल छातीची लिटकुरी, एक, आवाजावरून.

आप्पांनी ते तिथेच सोडायला हवं होतं, असं मी तेव्हा रागाने म्हणायचो. पण त्यांना सोडणं परवडणारं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही: आज सकाळी बांधावर तैगा लिटकुरी तीनदा बोलली आवाज जलद होता सर सोबत होते त्यांना वेगळं वाटलं पण मी ठाम आहे. सोबत मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग जोडलं होतं. त्यात हायवेची घरघर आणि कुणाचा तरी कोंबडा. कुणीतरी लगेच लिहिलं, "ट्रकचा हॉर्न फार सुंदर आलाय, स्थलांतरित दिसतो." दुसऱ्याने लिहिलं, "कासुर्डीत पेंग्विन उतरला की कळवा, सहकुटुंब येतो." मग सगळे माझी वाट बघत बसले.

मी लिहिलं, "मी सोबत होतो. नेहमीचीच होती. आप्पांचा उत्साह दांडगा आहे, सांभाळून घ्या." आणि शेवटी जोडलेले हात.

एका डॉक्टरांनी विचारलं, मग यांनी एकट्याने ऐकून रोज पाठवलेल्या नोंदींचं काय करायचं? प्रश्न रास्त होता. आप्पा शेतात फुलं तोडताना जे जे ऐकत ते रात्री ग्रुपच्या यादीत टाकत. सात हिवाळ्यांच्या नोंदी होत्या त्या. मी लिहिलं, "तूर्त बाजूला ठेवू." त्या बाजूला गेल्या. गणनेच्या दिवसांच्या नोंदी मात्र राहिल्या, कारण त्यांवर माझं नाव होतं. दोन दिवसांनी आप्पा ग्रुपमधून बाहेर पडले.

इथपर्यंत कुणी म्हणेल, माणूस घाबरला, खोटं बोलला. होतं असं. पुढचं मी बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. हे छापून आलं की तिला कळेल.

त्याच बुधवारी मी सकाळची अर्धी रजा टाकली आणि कॅमेरा घेऊन एकटा कासुर्डीला गेलो. का गेलो? आप्पा चुकलेत हे डोळ्यांनी बघायला. ते चुकलेले असावेत अशी माझी फार इच्छा होती. वाफ्यात कुणी नव्हतं, फुलं गाडीवर गेली होती. पाटाच्या उतारावर बसलो. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मग ती आंब्यातून खाली ओल्या चिखलावर उतरली, माझ्यापासून दहा पावलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाठ केली. शेपूट उचललं.

शेपटीच्या वरची पिसं कोळशासारखी काळी होती. शेपटी त्यापुढे विटकी दिसत होती. मग ती वळली. चोच पूर्ण काळी. गळा पांढरा, छातीवर राखाडी सावट, पिवळसरपणाचा मागमूस नाही. तिने चोच उघडली, गळा थरथरला. काहीतरी बोलली. मला काही ऐकू आलं नाही.

मी अकरा फोटो काढले. सवयीने. 

परत निघालो. चौफुल्यावरून वळून पारगावच्या पुलावर आलो आणि मोटारसायकल कडेला घेतली. खाली भीमा, जलपर्णीने हिरवीगार. कॅमेरा चालू केला. सगळे पुसायचे का, असं तो विचारतो. हो किंवा नाही. मी हो म्हटलं. मग न्हावऱ्यामार्गे शिरूरला आलो आणि दुपारचे तास घेतले.

पुढच्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. झालेल्या प्रकाराबद्दल चकार शब्द नाही. म्हणाले, "सर, पाखरू नेहमीचं तर नेहमीचं. पन तुमी एकदा इऊन भावाला नुसतं म्हना, ऱ्हाऊ दे झाडं. तुमचं ऐकंल तो." मी म्हणालो, बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू आहेत, बघतो. "बरं," आप्पा म्हणाले. मी गेलो नाही. मला त्या बांधावर परत उभं राहायचं नव्हतं. शिमग्याच्या आत झाडं पडली. मला ते यवतच्या हॉटेलवाल्याने सांगितलं, चहा गाळता गाळता, दुसरंच काहीतरी बोलताना.

दोन वर्षं गेली. त्या दोन्ही हिवाळ्यांत गणना झाली, मी नवा जोडीदार घेतला आणि नियम बदलला: फक्त दिसलेले पक्षी लिहायचे. सगळ्यांनी कौतुक केलं, सर फार काटेकोर झाले म्हणून.

शेवटी बायकोनेच कान तपासायला नेलं. तपासणाऱ्या बाईंनी कागदावर आलेख दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालत होती आणि मग कड्यावरून पडल्यासारखी खाली. "हे आजचं नाही सर," त्या म्हणाल्या. "पाच-सहा वर्षांचं तरी असेल. कसं चालवलंत?" बायको म्हणाली, "अहो, पक्ष्यांचे आवाज ओळखतात ते!" बाईंनी आलेखाचा कागद घडी करून माझ्या हातात दिला.

कानांना यंत्रं लावली. पहिले काही दिवस नुसता वैताग: भांडी, खडू, पिशव्यांची चुरचुर. मग यंदा दिवाळीनंतर कॉलेजच्या आवारात, सायकल स्टँडमागच्या बाभळीत, लिटकुरी बोलली. टर्र. एकेक ठोका वेगळा. कंगवा. मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की हा आवाज आणि दुसरा आवाज यांत चूक होऊच शकत नाही. लहान मुलालाही कळेल. आप्पांना त्या सकाळी किती स्पष्ट ऐकू आलं असेल, आणि समोरचा माणूस नाही म्हणतोय.

पुढच्या रविवारी कासुर्डीला गेलो. बांध सपाट झालेला, त्यावर शेडनेट. आप्पा, भाऊ आणि भावाची बायको आत शेवंती तोडत होते.

"या सर," आप्पा म्हणाले. उठले नाहीत.

भाऊ माझ्या कानांकडे बघत होता. "कानात काय घातलंय? गानी ऐकताय व्हय?"

"यंत्रं आहेत. मला ऐकू येत नाही."

"अरारा. कवापासनं?"

"सहा वर्षं झाली."

भावाचं हसू तसंच राहिलं. तो मनातल्या मनात वर्षं मोजत असावा. आप्पांचे हात चालू होते. "मला ठाऊक हाय ते," ते म्हणाले.

माझा हात कानाकडे गेला. मग तेच म्हणाले, "त्यातल्या दुसऱ्या हिवाळ्यात एकदा पाखरू लांब पाटाच्या टोकाला बोललं. मी मुद्दाम मान आंब्याकडं फिरवली. तुमी आंब्याकडं बघून म्हनला, ऐकलं. तवाच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? म्हनलं, मास्तर मानूस हाय, चारचौघांत उगं लाज. मी ऐकतोय ते पुरं हाय की दोघांला."

"म्हणजे त्या दिवशी…"

"व्हय. त्या दिवशीबी ठाऊक व्हतं. म्हनलं, घाबरलं असत्याल. घरी जात्याल, इचार करत्याल, दोन दिसांनी म्हनत्याल, आप्पा म्हंतोय तर असंल. मी वाट बघितली. फोनबी केला."

मी बुधवारचं सांगितलं. चोच, काळी पिसं, अकरा फोटो, पूल. सगळं सलग सांगितलं, कारण थांबलो असतो तर पुढे गेलो नसतो. आप्पांचे हात थांबले.

"ऐकाय आलं न्हाई, ते मी समजून घेतलं व्हतं, सर. पन डोळ्यानं बघितलं?"

"हो."

"आन् पुसलं."

"हो."

ते पुन्हा फुलं तोडायला लागले. पण नुसतेच हात चालत होते. कळ्याही तुटत होत्या, आणि त्यांच्या भावजयीने हळूच त्यांच्यासमोरची पाटी सरकवून घेतली.

भाऊ उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला मारेल, आणि मी तयार होतो. तो म्हणाला, "सर, झाडं म्या तोडली. दोन दिवस ह्यो जेवला न्हाई, तर म्या म्हनलो नाटकं करतोय. खोटं पाखरू सांगून झाडं वाचवाय निघालाय, असं म्हनलो. सगळ्यांदेखत. सख्ख्या भावाला."  त्याची बायको खाली बघून म्हणाली, "मीबी हसले व्हते, भावजी." आप्पांनी पाटी परत आपल्या पुढ्यात ओढली.

मी म्हणालो, ग्रुपवर सगळं लिहितो, तुमच्या नोंदी परत घ्यायला लावतो.

"लावा की. पन कोन मानंल? फोटो न्हाई, झाड न्हाई, आन् साक्षीदार तुमी."

आणखी एक होतं, तेही विचारलं. गणनेतल्या चार हिवाळ्यांच्या आवाजाच्या नोंदी माझ्या नावावर होत्या. त्या खऱ्या होत्या, त्यांनी ऐकलेल्या होत्या. खोटं होतं ते माझं 'ऐकलं'. कबुली दिली तर नियमाप्रमाणे त्या जाणार, आणि आप्पांनी ऐकलेलं यादीत जे थोडंफार उरलंय तेही जाणार. ठेवू का?

"नियम कुनाचा?" त्यांनी विचारलं.

"माझा."

"मग काढा."

चहा झाला नाही. भाऊ "बसा, ठेवतो" म्हणाला, पण कुणी उठलं नाही. मी निघालो तेव्हा आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा ती आली का न्हाई, मला इचारू नका. मी आता हेडफोन लावून फुलं तोडतो. भजनं आसत्यात." मग, मी दाराशी पोचल्यावर: "लिवलं कुठं, तर पाखरू नीट लिवा. चोच, पिसं, गळा. आन् मला साधाभोळा करू नका."

त्याच आठवड्यात ग्रुपवर लिहिलं. बऱ्याच जणांनी लिहिलं, सर, मन मोठं लागतं कबूल करायला. ते वाचवेना. डॉक्टरांनी तेवढा कामाचा प्रश्न विचारला: पुरावा काही शिल्लक आहे का? नाही, मी लिहिलं. मग आप्पांची ती नोंद 'अनिर्णित' झाली, सात हिवाळ्यांच्या नोंदी होत्या तिथेच बाजूला राहिल्या, आणि चार हिवाळ्यांच्या गणनेतले आवाज माझ्या नावासकट काढून टाकले. आता त्या वर्षांत कासुर्डीच्या शिवारात कोणते पक्षी बोलत होते, हे आमच्या यादीवरून कळत नाही.

तेव्हा त्यांनी सांगितलं तसं नीट लिहितो. तैगा लिटकुरी, एक. कासुर्डी, दोन आंब्यांमधला पाट, थंडीचे दिवस, सकाळ. चोच वरून-खालून काळी. गळा पांढरा, छाती राखाडी. शेपटीवरची पिसं शेपटीपेक्षा काळी. आवाज जलद, ठोके वेगळे न करता येणारे. रविवारी तीनदा, आप्पांनी ऐकला. पक्षी बुधवारी मी पाहिला. दोन्ही झाडं त्यानंतर दीड महिन्यात तोडली गेली, त्यामुळे त्या जागी पुन्हा जाऊन खात्री करून घेता येणार नाही.